शरदातील स्तब्धता : निसर्गचित्र, प्रतीक आणि एक नैतिक प्रश्न

एखाद्या निसर्गचित्रासमोर उभे राहून ‘हे चित्र पिवळे आहे’ असे म्हणणे आणि ‘हे चित्र उदास आहे’ असे म्हणणे, या दोन विधानांची व्याकरणिक घडण एकच असली तरी त्यांचे तार्किक स्वरूप एक नाही. पिवळेपणा चित्रफलकावर बोट ठेवून दाखवता येतो. उदासी कोठे दाखवायची? चित्रातील झाड उदास नसते, तळे उदास नसते, आणि चित्रकार ते रंगवीत असताना उदास होता की नव्हता याच्याशी आपल्या विधानाचे सत्यासत्य बांधलेले नसते. पाहणारासुद्धा पुष्कळदा प्रसन्न चित्तानेच ‘काय उदास चित्र आहे’ असे म्हणतो. तरीही हे विधान कोणालाही निरर्थक वाटत नाही. इतकेच नव्हे, तर त्याच्याशी असहमत होता येते आणि असहमतीची कारणेही देता येतात. सौंदर्यशास्त्रात या कोड्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला येथे त्याच्या एका तुलनेने दुर्लक्षित अंगाकडे वळायचे आहे. शरदातल्या एखाद्या निर्मनुष्य, निःशब्द दुपारचे चित्र आपण ‘वाचतो’ तेव्हा एका स्थळाच्या मौनाला आपण अर्थ देत असतो. जे स्वतः बोलू शकत नाही त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला आणि कितपत, हा प्रश्न केवळ आस्वादाचा राहत नाही. तो नीतीचा होतो.

प्रथम ‘शरद’ या शब्दाचाच विचार करू. इंग्रजी ‘ऑटम’ला मराठी प्रतिशब्द ‘शरद’, असे आपण शाळेपासून शिकत आलो. महिन्यांच्या हिशेबाने हे भाषांतर जवळपास बरोबर आहे; भाववृत्तीच्या हिशेबाने मात्र ते फसवे आहे. आश्विन-कार्तिकातला आपला शरद हा पाऊस सरल्यानंतरचा, निवळलेल्या पाण्याचा आणि धुतलेल्या आकाशाचा ऋतू. ‘ऋतुसंहारा’त तो नववधूच्या रूपाने अवतरतो. वैदिक आशीर्वादात माणसाला शंभर शरद लाभोत असे म्हटले जाते, शंभर शिशिर नव्हे. पावसाळाभर अडकून पडलेल्या मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत त्या याच ऋतूत. कोजागरीचे जागरण याच ऋतूतले. खरिपाचे पीक घरात येते तेही याच ऋतूत. अशा ऋतूशी झडणारी पाने, मावळतीचा प्रकाश, आयुष्याची उतरण हे अर्थ आपण जोडतो तेव्हा ते आपल्या हवेतून आलेले नसतात. ते पाठ्यपुस्तकातून आलेले असतात. पानगळ आपल्याकडे शिशिराची. त्या पानगळीतही पळस, पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण फांद्यांवरच फुलतात, त्यामुळे ‘झडणे म्हणजे संपणे’ हे समीकरण येथे शिशिरातही नीट बसत नाही.

बा. सी. मर्ढेकरांच्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘शिशिरागम’ (१९३९). काही वर्षे इंग्लंडमध्ये राहून आलेल्या, इंग्रजी कवितेत मुरलेल्या या कवीने शीर्षकासाठी ‘शरद’ हा शब्द उचलला नाही, ही गोष्ट मला लहान वाटत नाही. ऋतूचे नाव निवडताना त्यांचे कान देशी होते. त्यांच्या नंतरच्या अनेकांचे तसे राहिले नाहीत. १९८०च्या दशकात पुण्यातल्या दवाखान्यांच्या प्रतीक्षाकक्षांत आणि मध्यमवर्गीय बैठकीच्या खोल्यांत भिंतभर चिकटवलेले लाल-केशरी जंगलाचे छापील कागद ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे अधिक सांगायला नको. त्या जंगलातले एकही झाड त्या घरातल्या कोणाला नावाने ठाऊक नव्हते. त्याची ‘शांतता’ मात्र सर्वांना ठाऊक होती. झाडाआधी भाववृत्ती येऊन पोचली होती!

वास्तविक पुण्याच्या वेताळ टेकडीवर किंवा पर्वतीच्या मागच्या उतारावर दिवाळीच्या सुमाराला जो पिवळेपणा चढू लागतो तो पानांचा नसतो, गवताचा असतो. श्रावणात गुडघ्याला लागणारे गवत कार्तिकात वाळते, त्याची कुसळे कपड्यांना चिकटतात, आणि सगळी टेकडी एकाच बाजूला विंचरल्यासारखी दिसू लागते. वनखात्याने लावलेल्या गिरिपुष्पाची पाने थंडीत गळतात, पण तोवर शरद केव्हाच उलटून गेलेला असतो. प्रकाशाचे म्हणावे, तर आश्विनातली हवा धुतलेली असल्यामुळे दूरच्या वस्तूंच्याही कडा तीक्ष्ण दिसतात. सिंहगडाची कातळधार ज्येष्ठ-आषाढात दिसत नाही इतकी स्पष्ट दिसते. सावल्या गडद, ऊन टोचणारे. इंग्रजी जलरंगचित्रणाची जी पद्धत १८५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेच्या द्वारे आपल्याकडे रुजली, तिची मुळे मात्र दमट, धूसर, कडा विरघळवणाऱ्या हवेत होती. आपल्या शरदाला ती पद्धत लावताना चित्रकाराला काही शिकावे लागले तितकेच काही विसरावेही लागले असणार. जेथे तो विसरला नाही तेथे चित्रात देशावरच्या माळावर उगाचच इंग्लंडमधले धुके उतरलेले दिसते, आणि आपण त्या धुक्याला ‘हुरहूर’ असे नाव देतो.

सारांश, भाववृत्ती ही चित्रात घातलेली वस्तू नव्हे, आणि ती केवळ प्रेक्षकाची लहरही नव्हे. ती ऋतू, भाषा आणि पाहण्याची सवय यांच्यातला एक करार आहे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) या दृष्टीने मला मराठीतले एक महत्त्वाचे सौंदर्यशास्त्रीय पुस्तक वाटते, जरी त्यात सौंदर्यशास्त्राची परिभाषा जवळजवळ नाही. महिन्यामहिन्याने झाड, पान, फूल, पाणी पाहत जाणाऱ्या त्या लेखनात भाववृत्ती निरीक्षणाच्या मागून येते. दुर्गाबाईंनी एक प्रकारे तो करार फाडून पुन्हा लिहिला.

आता सिद्धान्ताकडे. भारतीय रसविचारात निसर्गाला मिळालेले स्थान मुख्यतः उद्दीपनविभावाचे आहे. नायक-नायिका हे आलंबन. चंद्रोदय, उपवन, मेघ ही त्यांच्या भावाला चेतवणारी सामग्री. निर्मनुष्य निसर्गचित्रात ही व्यवस्थाच कोलमडते. रंगमंच सजला आहे, दिवे लागले आहेत, पण पात्र आलेच नाही. अशा वेळी ती रिकामी जागा पाहणारा स्वतःच भरून काढतो आणि उद्दीपनाची सामग्री आपल्याच भावाला जुंपतो. जॉन रस्किनने १८५६ साली ‘मॉडर्न पेंटर्स’च्या तिसऱ्या खंडात याच प्रवृत्तीला ‘पॅथेटिक फॅलसी’ म्हटले. भावनेच्या भरात माणूस निर्जीवाला आपले सुखदुःख चिकटवतो आणि त्यामुळे वस्तू तिच्या स्वरूपात दिसेनाशी होते, हा त्याचा आक्षेप. आपल्या शालेय व्याकरणात मात्र हीच गोष्ट ‘चेतनगुणोक्ती’ या नावाने अलंकारांच्या यादीत सन्मानाने बसलेली आहे. रस्किनला जो दोष वाटला त्याला आमच्याकडे परीक्षेत गुण मिळतात.

मर्ढेकरांनी हा गुंता एका घावात तोडला असता. त्यांच्या मते चित्राचे माध्यम रंग आणि रेषा. त्यांच्या संवेदनांची संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी झालेली लयबद्ध रचना म्हणजे चित्र. त्यातले झाड हे झाड आहे म्हणून नव्हे, तर एक विशिष्ट हिरवा आकार म्हणून सौंदर्याच्या हिशेबात येते. मग स्थळाच्या मौनाचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण स्थळच उरत नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये सौंदर्यविचार कसा ताणलेला असतो हे दाखवले आहे; मर्ढेकरांची ही भूमिका अलौकिकतेच्या टोकाची. अमूर्त चित्राच्या बाबतीत ती पुष्कळ उपयोगी पडते. निसर्गचित्राच्या बाबतीत ती अपुरी आहे, आणि याचे कारण साधे आहे. निसर्गचित्र हे कशाचे तरी चित्र असते. ते रंगवायला कोणीतरी कोठेतरी जाऊन बसलेले असते.

हे अधिक स्पष्ट होण्यासाठी चित्राऐवजी एका कवितेकडे वळतो, कारण मराठीतले बहुधा सर्वांत अधिक ‘वाचले’ गेलेले निसर्गचित्र शब्दांतले आहे. बालकवींची (१८९०–१९१८) ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता म्हणजे जवळजवळ शुद्ध दृश्यरचना. बेटांमधून जाणारा झरा, टेकडीपलीकडचे इवलेसे गाव, शेतांची दाटी, त्यांतून वेडीवाकडी काळ्या डोहाकडे निघालेली पायवाट, आणि अखेरीस पाण्यात पाय सोडून बसलेले झाड. एकही माणूस नाही. पक्षी नाही. विशेष म्हणजे आकाशही नाही. दृष्टी सतत जमिनीवरून, दुरून जवळ, उजेडाकडून काळोखाकडे सरकत राहते. ऋतूचे नाव नाही. निळासावळा, हिरवा, पांढरा, काळा एवढेच रंग. एखाद्या जलरंगकाराने आपल्या रंगपेटीतले चारच रंग उघडावेत तसे.

या कवितेवर मराठी समीक्षेने जेवढे अर्थ लादले आहेत तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या आठ ओळींनी सोसले असतील. झरा म्हणजे बाल्य, पायवाट म्हणजे जीवनमार्ग, डोह म्हणजे मृत्यू, औदुंबर म्हणजे विरक्त योगी. दत्तसंप्रदायातील त्या वृक्षाचे माहात्म्य तर हाताशी तयारच होते. अशा वाचनांना सरसकट चुकीचे ठरवता येत नाही. कवितेच्या संहितेत त्यांना विरोध करणारे काही नाही, आणि दृष्टीचा प्रवास उजेडाकडून काळोखाकडे आहे हेही खरे. आक्षेप वेगळा आहे. वाचन पूर्ण झाल्यावर झऱ्याची गरज संपते. ‘बाल्य’ हाती लागले की झरा वाहिला काय आणि न वाहिला काय! पदव्युत्तर वर्गात ‘या कवितेतील प्रतीके स्पष्ट करा’ असा प्रश्न टाकला की चाळीसपैकी पस्तीस उत्तरपत्रिकांत कविता एखाद्या कोष्टकासारखी दोन रकान्यांत मांडलेली सापडते. डावीकडे वस्तू, उजवीकडे अर्थ. मार्गदर्शिकांनी ही सवय लावली हे खरे, पण मार्गदर्शिका लिहिणारेही आमचेच विद्यार्थी होते.

येथे प्रतीक आणि संकेत यांतला भेद उपयोगी पडतो, पण मी तो नेहमीच्या अर्थाने करीत नाही. प्रतीक बहुअर्थी आणि संकेत एकार्थी, अशी विभागणी प्रचलित आहे. तिच्यात वस्तूचे काय होते हा प्रश्न सुटून जातो. माझ्या मते कसोटी अशी असावी : अर्थ काढून घेतल्यावर स्थळ शिल्लक राहते का? ‘औदुंबर’ला ही कसोटी लावली तर कविता उतरते, तिची बहुसंख्य वाचने उतरत नाहीत. सगळे अर्थ काढून घ्या. तरीही पाण्यावर पसरलेली ती सावली तेथेच असते, आणि पांढरी वाट अजून तेथेच वळलेली असते. बालकवींनी झाडाला बसवले, त्याला पाय दिले. म्हणजे चेतनगुणोक्ती केली. पण त्याला बोलायला लावले नाही. त्याचे दुःख किंवा त्याची शांती आपल्याला सांगितली नाही. एवढ्या एका संयमात त्या कवितेची नीती आहे.

चित्रकलेत अशाच संयमाचे उदाहरण शोधायचे तर मी कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्याकडे जाईन. जे. जे. कलाशाळेत शिकून ते कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला, आणि १९३१ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे जगणे त्या शहराशी, विशेषतः कोटितीर्थाच्या परिसराशी बांधलेले राहिले. कोटितीर्थाचे पाणी त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवले. या पुनरावृत्तीचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. तळे हे मनःशांतीचे प्रतीक म्हणून हवे असेल तर तळ्यावर एकदा जाणे पुरते. दुसऱ्यांदा जायचे कारण उरत नाही. जो चित्रकार त्याच काठावर वर्षानुवर्षे जातो, त्याच्यासाठी तळे कशाचे तरी चिन्ह म्हणून संपलेले नसते. सकाळचे पाणी आणि चार वाजताचे पाणी यांत त्याला फरक दिसतो, आणि तो फरक त्याच्या मनःस्थितीतला नसून पाण्यातला असतो.

निःशब्दता ही चित्रात आपोआप येत नाही, ती रचावी लागते. आडव्या रेषांचे प्राबल्य, खाली घेतलेले किंवा झाडीने झाकलेले क्षितिज, जवळजवळच्या छटा, प्रतिबिंबामुळे वर-खाली झालेली आकारांची द्विरुक्ती, आणि अर्थातच माणसांची अनुपस्थिती. यांपैकी शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत संशयास्पद. भारतातल्या तळ्याकाठी माणूस नसणे ही फार दुर्मीळ स्थिती आहे. धुणी असतात, गुरे असतात, पोरे असतात. कोल्हापुरात तर शाहू मिल १९०६ साली उभी राहिली ती याच कोटितीर्थाच्या शेजारी. म्हणजे या पाण्याच्या चित्रांतली शांतता ही गजबजलेल्या, यंत्रयुगात शिरणाऱ्या शहरातून निवडून घेतलेली शांतता आहे. निवड हा गुन्हा नव्हे. निवडीशिवाय कला नाही. पण निवड केली म्हणजे काहीतरी वगळले, आणि वगळलेल्याचा हिशेब कोणीतरी मागणार.

तो हिशेब मागणारी समीक्षा गेल्या अर्धशतकात पश्चिमेत प्रबळ झाली. जॉन बर्जरने ‘वेज ऑफ सीइंग’मध्ये (१९७२) गेन्सबरोच्या एका प्रसिद्ध चित्रातील शेतजमीन ही मुळात त्या दांपत्याची मालमत्ता आहे याकडे लक्ष वेधले. रेमंड विल्यम्सने ‘द कंट्री अँड द सिटी’त (१९७३) इंग्रजी ग्रामीण कवितेच्या प्रसन्नतेतून राबणारी माणसे कशी गाळली गेली ते दाखवले. शरदाच्या संदर्भात तर याहून बोचरे उदाहरण आहे. कीट्सने शरदावरील आपले विख्यात ओड सप्टेंबर १८१९मध्ये विंचेस्टरला लिहिले. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १६ ऑगस्टला, मँचेस्टरच्या पीटर्स फील्डवर निःशस्त्र जमावावर घोडदळ घालण्यात आले होते. जेरोम मॅकगॅनने १९७९ साली विचारले ते थोडक्यात असे, की या कवितेची परिपक्व शांतता म्हणजे त्या रक्ताकडे फिरवलेली पाठ तर नव्हे?

हा प्रश्न टाळता येत नाही. आपल्याकडे तर तो अधिक तीव्र होतो. टेकडीपलीकडच्या चार घरांच्या गावाचे चित्र पाहून मन निवते असे म्हणणाऱ्याला, त्या गावाबाहेरची वस्ती चित्रात का नाही, असा प्रश्न दलित साहित्याने केव्हाच विचारला आहे. तळ्याच्या संथ पृष्ठभागाविषयी बोलताना महाडचे चवदार तळे आठवल्यावाचून कसे राहावे? २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ओंजळीत पाणी घेतले, त्याच्या आदल्या दिवशी त्याच तळ्याचे चित्र कोणी काढले असते तर ते कदाचित अतिशय शांत दिसले असते. ज्यांना त्या पाण्याला हात लावण्याची मुभा नव्हती त्यांच्या दृष्टीने मात्र ती शांतता म्हणजे पहारा होती. भाववृत्ती हा करार आहे असे मी वर म्हटले. त्या करारावर सह्या कोणी केल्या आणि कोणाला करू दिल्या नाहीत, हे पाहणे समीक्षेचे कामच आहे.

परंतु या समीक्षेच्या बाजूने उभे राहूनही मला एक गोष्ट खटकत राहते. प्रतीकवादी वाचक झऱ्यातून ‘बाल्य’ काढतो आणि निघून जातो. विचारसरणीचा शोध घेणारा वाचक त्याच झऱ्यातून ‘वर्गहित’ किंवा ‘वर्णव्यवस्था’ काढतो आणि तोही निघून जातो. दोघांच्याही उत्तरपत्रिकेत दोनच रकाने. दुसऱ्याचा उजवा रकाना अधिक न्याय्य आहे, हे मी मान्य करतो. पण स्थळ दोघांच्याही हाती उरत नाही. शिवाय प्रत्येक निःशब्द चित्राला एकच आरोपपत्र लागू होत असेल, तर लपवणारे चित्र आणि न लपवणारे चित्र यांत फरक कसा करणार? तो फरक करता आला नाही तर नैतिक प्रश्न विचारण्याला अर्थ राहत नाही.

हा फरक इसाक लेव्हितानच्या दोन चित्रांत मला सर्वांत स्वच्छ दिसतो. ‘सोनेरी शरद’ (१८९५) हे त्याचे अधिक लोकप्रिय चित्र : पिवळे बर्च, निळी नदी, निवांत ऊन. ‘व्लादिमीरका’ (१८९२) त्याआधीचे. दोन्ही मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहेत. ‘व्लादिमीरका’त राखाडी ढगाळ आकाशाखाली सपाट माळ आहे, त्यातून पावलांनी मळलेला एक रुंद रस्ता आणि त्याच्या कडेने पडलेल्या पाऊलवाटा क्षितिजापर्यंत गेल्या आहेत, रस्त्याकाठच्या छोट्या धर्मस्तंभाजवळ एक चिमुकली वाटसरू स्त्री. बस्स. शीर्षक ठाऊक नसेल तर हे एक उदास, निःशब्द निसर्गचित्र. शीर्षक कळले की तो बेड्या घातलेल्या कैद्यांना सायबेरियाकडे पायी नेण्याचा रस्ता होतो. लेव्हितानने एकही कैदी रंगवलेला नाही. बेडी नाही, शिपाई नाही. आकाश रक्तरंजित केलेले नाही. त्याने स्थळाचे नाव सांगितले आणि स्थळ जसे आहे तसे राहू दिले. कडेच्या त्या पाऊलवाटा इतक्या का मळल्या आहेत, याचे उत्तर आपल्याला नावातून मिळते. मळलेल्या मात्र त्या चित्रातच आहेत. अर्थ काढून घेतला तरी रस्ता उरतो, आणि रस्ता उरतो म्हणूनच अर्थ परत परत येतो.

पुण्यातल्या बालगंधर्व कलादालनात भरणाऱ्या प्रदर्शनांत निसर्गचित्राखालच्या चिठ्ठीवर पुष्कळदा केवळ ‘निसर्गचित्र’ असे लिहिलेले असते, फार तर ‘शरद’ किंवा ‘शांतता’. गाव नसते, महिना नसतो. चित्र सार्वत्रिक व्हावे अशी त्यामागे इच्छा असावी. मला ही इच्छा समजते, पण पटत नाही. पुण्याच्या पश्चिमेला मुळशीचा जलाशय आहे. पाऊस ओसरल्यावर, आश्विन-कार्तिकात तो काठोकाठ भरलेला असतो. डोंगरांची प्रतिबिंबे, पाण्याला टेकलेली झाडी, वाऱ्याची झुळूकही नाही. जलरंगाला याहून अनुकूल विषय शोधून मिळायचा नाही. याच खोऱ्यातल्या गावांनी आपल्या जमिनी आणि घरे धरणाच्या पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून १९२१ साली सत्याग्रह मांडला. विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली तो १९२४पर्यंत चालला आणि अखेर पाणीच जिंकले. त्या काठावरच्या चित्राला ‘शांतता’ असे नाव देणे आणि ‘मुळशी, कार्तिक’ असे नाव देणे, या दोन कृती सारख्या नाहीत. पहिल्या नावाने चित्रकार स्थळाच्या वतीने बोलतो. दुसऱ्या नावाने तो फक्त कोठे बसला होता ते सांगतो.

यावर असे म्हटले जाईल की मग बुडालेले गावच का रंगवू नये? पाण्यावर घरांच्या पुसट आकृती, एखादा अस्पष्ट कळस? तसे रंगवू नये असा नियम कोणी करू शकत नाही, पण तो पुन्हा प्रतीकाचाच मोह होईल. चित्रकाराला जे दिसले नाही ते आपल्या सद्भावनेची साक्ष म्हणून चित्रात ठेवणे, हेही एक प्रकारे स्थळाला बोलते करणेच होय. आणि त्याची गरजही नाही, कारण धरणाच्या पाण्याला स्वतःचे ऋतुचक्र असते. आपला शरद हा उतरणीचा ऋतू नव्हे, भरतीचा ऋतू आहे, असे आरंभी म्हटले ते येथे वेगळ्या अर्थाने खरे ठरते. जलाशय सर्वांत सुंदर आणि सर्वांत शांत दिसतो तो शरदात, कारण तेव्हा तो सर्वांत भरलेला असतो; आणि भरलेला असतो म्हणूनच सर्वांत अधिक झाकतोही तेव्हाच. पौष-माघापासून काठाला एक उघडा, तांबूस पट्टा दिसू लागतो, त्यावर पाणी टप्प्याटप्प्याने खाली गेल्याच्या रेघा उमटतात. इंदापूर तालुक्यात भीमेवरच्या उजनी धरणात पळसदेवचे जुने देऊळ पाणी फार खाली गेले की ऐन उन्हाळ्यात बाहेर येते, आणि लोक ते पाहायला जातात.

आबालाल कोटितीर्थावर पुन्हा पुन्हा जात राहिले, तसा एखादा चित्रकार एकाच धरणाच्या काठी कार्तिकात आणि पुन्हा वैशाखात बसला तर त्याला प्रतीकाची फारशी गरज पडणार नाही असे मला वाटते. अशा काठांवर बहुतेक ठिकाणी एखादी जुनी वाट असते. कार्तिकात ती झाडीतून येते आणि सरळ पाण्यात शिरते. पाण्याजवळ ती का थांबत नाही हे चित्रातही दिसू शकते, जर चित्रकाराने ती रेषा गवताखाली लपवली नाही तर. वैशाखात तीच वाट उघडी पडून आणखी बरीच खालपर्यंत गेलेली दिसते, आणि तिच्यावरून गुरे पाण्याकडे उतरत असतात.